ॲबिंग्डनची मोटार व तिची एक कळ

ऑक्सफर्डचे नाव ज्याच्या कानावरून गेले नाही असा सुशिक्षित मराठी गृहस्थ सापडणे कठीण. तेथील विद्यापीठ, तेथील ग्रंथालये, नदीकाठची हिरवळ ह्यांची वर्णने आपल्याकडे पुष्कळ झाली आहेत. परंतु त्याच टेम्स नदीच्या काठाने दक्षिणेस सुमारे १० किलोमीटर उतरले की ॲबिंग्डन नावाचे एक टुमदार गाव लागते. त्याची मात्र आपल्याकडील प्रवाशांनी फारशी वास्तपुस्त केलेली दिसत नाही. ह्या गावास आज रेल्वे नाही. जवळच्या रॅडली स्थानकापासून जो फाटा पूर्वी गावात येत असे, त्यावरील उतारूंची वाहतूक १९६३ साली बंद झाली. मालगाड्या त्यानंतर आणखी काही वर्षे धावत राहिल्या आणि पुढे त्याही थांबल्या. त्यामुळे ऑक्सफर्डहून मोटार-बसने जाणे हाच सोयीचा मार्ग.

गाव लहान असले तरी वयाने मोठे आहे. येथील ख्रिस्ती मठ इ. स. ६७५ च्या सुमारास स्थापन झाला असे परंपरा सांगते. आठव्या हेन्री राजाने देशातील मठ मोडीत काढले त्या धामधुमीत, १५३८ साली, हाही मठ विसर्जित झाला; आज त्याच्या काही थोड्या इमारती व एक सुरेख बाग एवढेच शिल्लक आहे. नदीकाठी सेंट हेलनचे देवालय आहे. त्याला शेजारी-शेजारी अशी पाच दालने असून त्याची रुंदी लांबीपेक्षा अधिक भरते, ही गोष्ट पाहणाऱ्यास प्रथम चमत्कारिक वाटते. पिढ्यानुपिढ्या गावकऱ्यांनी एकेक दालन जोडीत नेले, त्याचा हा परिणाम. आपल्याकडील जुन्या वाड्यांना जशी कुटुंबाच्या वाढीबरोबर सोपे व माड्यांची जोड मिळत जाते, तसाच हा प्रकार! देवालयास लागूनच वृद्धांच्या निवासासाठी १४४६ साली बांधलेली लांबलचक चाळ आहे, आणि तीत आजही वृद्ध माणसे राहतात.

गावाच्या चौकातील टाउन हॉलवजा भव्य इमारत १६७८ ते १६८२ ह्या वर्षांत उभी राहिली. त्या वेळी ॲबिंग्डन हे बर्कशर परगण्याचे मुख्य ठिकाण होते. पुढे तो मान रेडिंग शहराकडे गेला, आणि १९७४ साली तर गावच बर्कशरमधून काढून ऑक्सफर्डशरमध्ये घालण्यात आले. सांप्रत ह्या इमारतीत वस्तुसंग्रहालय आहे. राज्यारोहणासारख्या मंगल प्रसंगी गावचे नगरसेवक हिच्या गच्चीवरून खालच्या गर्दीत गोड पाव फेकतात, व लहानथोर ते झेलण्यासाठी झुंबड करतात. आपल्याकडील उत्सवांत प्रसादाची लूट पाहिलेल्या माणसास ह्या रिवाजाचे नवल वाटणार नाही; विलायतेतील माणसेही आपल्यासारखीच आहेत एवढी खात्री मात्र पटते.

ह्या संग्रहालयात मठाच्या, राजांच्या व पावांच्या आठवणींबरोबर एक मोटारही ठेवली आहे. बसकी, दोन माणसांपुरती, लांब नाकाची ही क्रीडा-मोटार गावच्या कारखान्यातून अखेरच्या दिवसांत बाहेर पडलेल्या गाड्यांपैकी आहे. तिच्या नाकावर अष्टकोनात कोरलेली 'एम. जी.' ही अक्षरे आहेत. ॲबिंग्डनचे नाव जगात ज्यांनी पोहोचवले ती हीच दोन अक्षरे होत.

त्यांचा इतिहास थोडक्यात असा. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस नावाच्या एका होतकरू तरुणाने सायकली दुरुस्त करण्याचा धंदा मांडला. पुढे त्याने लाँगवॉल स्ट्रीटवर गॅरेज बांधले, मोटारी बनवण्यास आरंभ केला, आणि अखेरीस तो लॉर्ड नफील्ड ह्या नावाने इंग्लंडातील मोठ्या कारखानदारांपैकी व दानशूरांपैकी एक झाला. ऑक्सफर्डमधील त्याच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानांचे नाव 'मॉरिस गॅरेजेस'. १९२२ साली ह्या दुकानांची व्यवस्था सेसिल किंबर ह्या कल्पक गृहस्थाकडे आली. मॉरिसच्या साध्या, संसारी मोटारीवर हलकी व डौलदार बॉडी चढवून तरुणांना परवडेल अशी वेगवान गाडी देता येईल, हे किंबरने ओळखले. गॅरेजच्या नावाची आद्याक्षरे तीच ह्या गाड्यांची खूण ठरली. धंदा वाढला, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९२९ साली हा कारखाना ॲबिंग्डनमध्ये एका चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या इमारतीत हलवण्यात आला. किंबरच्या नशिबी मात्र त्याचे पुढले वैभव पाहणे नव्हते. १९४१ साली त्याला ते काम सोडावे लागले, आणि १९४५ साली लंडनमधील किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या रेल्वे-अपघातात त्याचा अंत झाला.

१९६२ ते १९८० पर्यंत येथे 'एम. जी. बी.' ह्या जातीची गाडी तयार होत होती. उघडी व बंद अशा दोन्ही प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या ह्या लहानशा गावातून बाहेर पडल्या, आणि त्यांतील फार मोठा हिस्सा अमेरिकेस गेला. आश्चर्य हे की येथे सरकत्या पट्ट्याची यंत्रे नव्हती. इंजिन कॉव्हेंट्रीहून येई, बॉडी दुसरीकडून येई, विजेचे सामान बहुतांशी लूकस कंपनीचे असे. आणि कामगार एकेक गाडी हातांनी ढकलीत एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर नेत व तिच्यावर एकेक भाग चढवीत. ॲबिंग्डनमध्ये मोटारीचे भाग फारसे घडत नसत. तेथे ते एकत्र नांदायला येत, एवढेच.

१९७९ साली कारखान्यास गावात येऊन ५० वर्षे झाली म्हणून सारे गाव उत्सवात रंगले. मिरवणुका निघाल्या, जुन्या गाड्या ओळीने सजल्या. तेथील मद्य गाळणाऱ्या जुन्या पेढीने ह्या प्रसंगाप्रीत्यर्थ नवी बिअर काढून तिला कारखान्यातील रंगाच्या शिंतोड्यांनी भरलेल्या एका जुन्या गाडीचे गमतीचे नावही दिले. उत्सवाचे तोरण उतरते न उतरते तोच सोमवारी, १० सप्टेंबर रोजी, ॲबिंग्डनमध्ये गाड्या बनवणे बंद करण्याचा मालक कंपनीचा बेत जाहीर झाला. सुवर्णमहोत्सवाची मिठाई अजून घरात असताना मृत्युपत्र वाचावे, तसे ते झाले. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली व दरवाजे मिटले. आज त्या जागेपैकी बहुतेक भागावर घरे व कचेऱ्या उभ्या आहेत. बिअरची ती पेढीही २००० साली बंद पडली. एम. जी. हे नाव पुढे अनेक हातांतून फिरत २००५ साली एका चिनी कंपनीकडे गेले. २०१९ पासून ते हिंदुस्थानातील रस्त्यांवरही दिसू लागले आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी तो अष्टकोन पाहिला असेल. पण ज्या गावात त्याचे नाव मोठे झाले, त्या गावाची आठवण त्यावरून कोणास होत असेल असे वाटत नाही.

एवढे पाहून सामान्य प्रवासी संध्याकाळच्या बसने ऑक्सफर्डला परतला असता. आमचा मुक्काम मात्र लांबला, आणि त्याचे कारण एक हातभर तारा व बोटभर दांडी असलेली क्षुल्लक वस्तू. माझा भाचा नोकरीनिमित्त ह्याच गावी राहतो, आणि त्याच्यापाशी १९७५ सालची एक एम. जी. बी. आहे. एका सायंकाळी आम्ही वॉलिंगफर्डहून तिच्यातून परत येत असता पाऊस लागला. समोरच्या काचेवरील वायपरची दांडी भाच्याने पहिल्या खुणेवर ओढली. वायपर हलले नाहीत. दुसऱ्या, जलद खुणेवर ओढताच ते धडाधड चालू लागले. पण पाऊस ओसरल्यावर दांडी बंद करताच ते काचेच्या ऐन मध्यावर, चालकाच्या नजरेसमोर, आडवे उभे राहिले.

"अरे, हे जागेवर परत का जात नाहीत?" मी विचारले.

"काही महिने झाले, मामा, असेच चालले आहे," तो म्हणाला. "मोटर बदलावी लागेल असे वाटते. तोवर बंद करायची वेळ बरोबर साधली की ते खाली थांबतात."

वेळ साधण्याचा हा खेळ रात्रीच्या पावसात किती महागात पडेल हे सांगावयास नको. त्यातून तेथील कायद्याची एक गंमत आहे. विलायतेत मोटारींची दरसाल सक्तीची तपासणी होते. परंतु मे २०१८ पासून, ४० वर्षे पुरी झालेल्या व मूळ स्वरूपात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना तीतून सूट मिळाली आहे. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावर कायमच आहे. म्हणजे वायपर चालतात की नाही हे पाहणारा तपासनीस आता दारात येत नाही. तो मालकाच्या मनातच असला तर असतो.

भाच्याच्या शेजारी एक सत्तरीचे इंग्रज गृहस्थ राहतात. १९७१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते एम. जी. च्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले, आणि गाड्यांत वायरींच्या जुड्या बसवणे हे त्यांचे काम होते. कारखाना मिटला तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे त्यांनी दुसरीकडे नोकरी केली, पण हात मात्र त्या जुड्या विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलावले. त्यांनी सर्व हकीगत ऐकून घेतली, आणि गाडीला बोट लावण्यापूर्वीच विचारले, "मंद चालत नाही, जलद चालते, आणि बंद केल्यावर घरी जात नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या काय?" भाच्याने होकार देताच ते म्हणाले, "तर मग मोटर मागवण्याची घाई करू नका."

त्यांच्या ह्या उत्तराचे मर्म समजण्यासाठी वायपरची रचना थोडी पाहिली पाहिजे. काच पुसण्याची कल्पना एका स्त्रीने मोठी केली ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गास आवडेल. अमेरिकेतील मेरी अँडरसन ह्या बाईने न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडत असता ट्रामचा चालक काचेपुढे हतबल झालेला पाहिला, आणि आतून हाताने दांडी ओढून काच पुसता येईल अशा साधनाचा हक्क तिने १९०३ साली नोंदवून घेतला. त्यातून तिला पैसा मिळाला नाही; जगाला मात्र साधन मिळाले. हाताच्या जागी पुढे विजेची मोटर आली. ॲबिंग्डनच्या गाडीत ही मोटर एका दातेरी चाकास फिरवते, चाकाला जोडलेला दांडा मागे-पुढे होतो, आणि तो दांडा एका नळीतून गेलेल्या, स्क्रूसारखे आटे असलेल्या लवचिक तारेस ओढतो-ढकलतो. ही तार काचेखालील दोन लहान दातेरी चाकांस डावी-उजवीकडे फिरवते, व त्यांवर बसवलेले वायपर काचेवर झाडू मारतात.

सुरुवातीच्या गाड्यांत ही मोटर चालू करण्याचे बटन समोरच्या फळीवर होते. पुढल्या गाड्यांत ते स्टिअरिंगच्या खांबावर आले, म्हणजे चाकावरील हात न सोडता बोटाने ओढता यावे. भाच्याच्या गाडीत तर ह्या एकाच दांडीवर वायपरच्या दोन गती, काचेवर पाणी उडवणे आणि ओव्हरड्राइव्ह नावाची अधिक वेगाची कळ एवढी सारी कामे सोपवली आहेत. दांडीच्या मुळाशी तांब्या-पितळेच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात व सुटतात. पन्नास वर्षांच्या ठिणग्यांनी त्या काळवंडल्या तर त्यात दोष कोणाचाच नाही, वयाचा आहे.

इंग्रजी गाड्यांतील तारांना ठरलेले रंग असतात, आणि ते ज्ञान असले की गाडी एखाद्या पोथीसारखी वाचता येते. हिरवी तार म्हणजे फ्यूजमधून आलेली, किल्ली फिरवल्यावर जागी होणारी वीज. काळी तार म्हणजे गाडीच्या अंगाशी जोड. तांबडी-पोपटी तार मोटरला मंद गतीची आज्ञा नेते, निळी-पोपटी जलद गतीची. पाचवी, तपकिरी-पोपटी तार हे ह्या गोष्टीतील गुपित आहे.

सामान्य समज असा की बंद करणे म्हणजे वीज तोडणे. वायपरच्या बाबतीत तसे केले तर ते जेथे असतील तेथेच उभे राहतील. म्हणून ह्या दांडीची 'बंद' खूण वीज तोडून स्वस्थ बसत नाही. ती तांबड्या-पोपटी तारेचा हात तपकिरी-पोपटी तारेच्या हातात देते. मोटरच्या पोटात एक लहानसा पहारेकरी आहे. वायपर काचेच्या मध्ये असतील तोवर तो तपकिरी तारेतून मोटरला स्वतः वीज पुरवतो, म्हणजे चालकाने बंद केल्यावरही मोटर चालतच राहते. वायपर खाली आपल्या जागी पोहोचले की पहारेकरी वीज काढून घेतो व ती तार गाडीच्या अंगाशी जोडतो. त्याबरोबर मोटरची दोन्ही टोके एक होऊन तिला आपोआप लगाम बसतो आणि ती जागच्या जागी थांबते.

आता शेजारच्या गृहस्थांचा तर्क वाचकांच्या लक्षात येईल. मंद गती व घरी जाणे ही दोन्ही कामे तांबड्या-पोपटी तारेवरून होतात. जलद गती वेगळ्या तारेवर आहे. तेव्हा दोष त्या एका तारेत, मोटरमधील मंद गतीच्या ब्रशात किंवा दांडीत असणार. त्यांनी खांबाखाली दडलेला जोड सोडवला, काच ओली करून घेतली, किल्ली फिरवली, आणि तारेच्या एका लहान तुकड्याने हिरव्या व तांबड्या-पोपटी तारेची गाठ घालून दिली. वायपर मंद गतीने चालू लागले! म्हणजे तार शाबूत, मोटर शाबूत. मग त्यांनी हिरवी तार सोडून तांबडी व तपकिरी ह्यांची गाठ घातली. वायपर एक फेरी पुरी करून शहाण्या मुलासारखे खाली जाऊन बसले. म्हणजे पहारेकरीही जागा आहे. राहता राहिली दांडी.

"हिरवी आणि तपकिरी मात्र कधी जोडू नका," त्यांनी भाच्याला बजावले. "वायपर घरी असतात तेव्हा तपकिरी तार गाडीच्या अंगाला टेकलेली असते, फ्यूज जळेल." महाग मोटरीचा खर्च अशा रीतीने दहा मिनिटांत वाचला.

नवी दांडी मागवण्यापूर्वी गाडीचा चासी-क्रमांक पाहावा लागतो. कारण वरून सारख्या दिसणाऱ्या दांड्यांत कोणाला ओव्हरड्राइव्हची कळ असते, कोणाला नसते, आणि तारांची जुडीही साल पाहून बदलते. मूळ कारखाना नसला तरी हे भाग आजही मिळतात, कारण हौशी मालकांचा समाज जगभर पसरला आहे. एम. जी. गाड्यांच्या जुन्या मंडळाची कचेरी ॲबिंग्डनमध्येच असून त्या घराला किंबरचे नाव दिलेले आहे. जुन्या साच्यांवर एम. जी. बी. ची संपूर्ण नवी बॉडी घडवण्यासही १९८८ साली आरंभ झाला. तेव्हा एका दांडीची ती काय कथा?

चार दिवसांनी टपालाने पुडके आले. दांडी काळीभोर, तकतकीत, जुनीची हुबेहूब बहीण. भाचा तत्काळ खांब उघडावयास निघाला, पण शेजारच्या गृहस्थांनी ती हातात घेऊन प्रथम जेवणाच्या टेबलावर ठेवली. एक लहान बॅटरी, एक दिवा व दोन तारा घेऊन त्यांनी तिची परीक्षा मांडली. मंद खुणेवर दिवा लागला. जलद खुणेवर लागला. पाण्याच्या खुणेवर लागला. मग त्यांनी दांडी बंद केली, तांबड्या व तपकिरी टोकांना तारा लावल्या, आणि दिवा लागला नाही. पुन्हा पाहिले, पुन्हा तेच. नक्कल करणाऱ्याने दांडीचे रूप घेतले होते, तिच्या तीन आज्ञा घेतल्या होत्या. पण 'बंद' म्हणजे काहीच नाही अशा समजुतीने ती चौथी जोड आत दिलीच नव्हती, किंवा दिली असून ती टेकत नव्हती.

"ही बसवली असती, तर तुम्ही पुन्हा मोटरवर संशय घेतला असता," ते गृहस्थ म्हणाले. "कारखान्यात आम्हाला सांगत, जे दिसत नाही ते आधी तपासा, दिसणारे गिऱ्हाईक तपासतेच."

दांडी परत गेली. दुसऱ्या विक्रेत्याकडून आलेली दांडी टेबलावरील परीक्षेत चारही प्रश्नांना उतरली, आणि मग बसवण्याचे काम सुरू झाले. ते तसे अवघड नाही, पण त्यास क्रम आहे. प्रथम आसनामागील बॅटरीची जोड सोडवली. नंतर जुन्या तारा कोठून कशा गेल्या आहेत ह्याचे टिपण कागदावर केले. भाच्याने त्याशिवाय फोटोही काढला, परंतु त्या गृहस्थांचा विश्वास कागदावर अधिक. मग खांबावरील दोन फाकांच्या आवरणाचे स्क्रू काढून ते दूर केले. दांडीचे स्क्रू सोडवले, खांबाशी तारा बांधून ठेवणारी बंधने मोकळी केली, खालचा जोड उपसला, आणि जुनी दांडी अलगद बाहेर आली. नवी बसवताना तारा जुन्याच वाटेने नेल्या. आवरणाचे स्क्रू बोटाच्या बेताने आवळले, कारण पन्नास वर्षांचे ते प्लास्टिक हिसका सहन करीत नाही. आवरण लावण्यापूर्वी स्टिअरिंगचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरते फिरवून पाहिले. एखादी तार फिरत्या दांड्याला घासत राहिली तर आज न उद्या तिचे आवरण झिजून वेगळेच संकट उभे राहावयाचे.

बॅटरी जोडली. काचेवर पाणी उडवले. मंद, जलद, पुन्हा मंद. मग भाच्याने वायपर काचेच्या ऐन मध्यावर असताना मुद्दाम दांडी बंद केली. ते थांबले नाहीत. उरलेली वाट शांतपणे चालून खाली आपल्या जागी गेले व तेथे विसावले. जुनी दांडी त्या गृहस्थांनी टाकू दिली नाही. "आतल्या पट्ट्या कधीतरी साफ करता येतील," असे म्हणून ती एका डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावली. आमच्या आजीच्या फडताळातील, 'चिमणीची जुनी वात, कामास येईल' अशा पुरचुंड्यांची मला आठवण झाली.

पुढे दोन दिवस गावात हिंडताना ह्या लहानशा दुरुस्तीचा विचार मनातून जाईना. १९७९ च्या त्या सोमवारी ज्यांनी कारखाना बंद करण्याचे ठरवले, त्यांनी बंद करणे म्हणजे वीज तोडणे एवढाच अर्थ घेतला होता. तोटा झाला होता, हिशेब जमत नव्हता, हे खरे असेल. चालू वस्तू कधीतरी बंद करावी लागतेच. परंतु जे चालले होते ते आपल्या जागी पोहोचावे, मध्येच नजरेआड येऊन अडू नये, ह्यासाठी एक चौथी जोड लागते. ती मालकांच्या कागदावर नव्हती. ती जोड पुढे दिली ती शेजारच्या गृहस्थांसारख्या माणसांनी. कारखाना त्यांच्या ताब्यात नव्हता, नावही विकले गेले. पण तारांचे रंग त्यांच्या बोटांत होते, व ते त्यांनी पुढल्या माणसाच्या बोटांत घातले. म्हणूनच निर्माता नाहीसा झाल्यावर ४० वर्षांहून अधिक काळ लोटूनही ॲबिंग्डनच्या गाड्या पावसात चालतात.

ह्यात आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांना विचार करण्याजोगे काही आहे असे वाटते. आपल्या घरांतही पुष्कळशा गोष्टी बंद होत आहेत. कोठे वाडा विकला जातो, कोठे कुळाचार थांबतो, कोठे मोडी वाचणारा अखेरचा माणूस अंथरुणाला खिळतो. ह्यांपैकी सर्वच चालू ठेवता येईल असे नाही, आणि तसा हट्टही नसावा. पण बंद करण्यापूर्वी त्या दप्तरातील कागद कोणी वाचून लिहून ठेवले काय, आजीच्या हातचे लोणच्याचे प्रमाण कोणी विचारून घेतले काय, घड्याळाला किल्ली कशी द्यावी हे नातवाला कोणी दाखवले काय, हे पाहणे आपल्या हाती आहे. वरून हुबेहूब दिसणारी नक्कल बाजारात नेहमीच मिळते. आतली जोड मात्र जाणत्याच्या हातून घ्यावी लागते, आणि तो जाणता आहे तोवरच घ्यावी लागते.

ऑक्सफर्डला जाणाऱ्या वाचकांनी विद्यापीठ अवश्य पाहावे. त्यातून एक दिवस काढून ॲबिंग्डनला जावे, नदीकाठचे ते पाच दालनांचे देवालय पाहावे, चौकातील संग्रहालयात जाऊन ती बसकी मोटार पाहावी. तिच्या स्टिअरिंगच्या खांबावर एक काळी दांडी दिसेल. तिला हात लावू देत नाहीत. पण ती कशासाठी आहे हे आता आपणास ठाऊक आहे.